कुठल्या हातात कप होता

माझं काम एवढंच: कुठल्या हातात कप होता,
सिगारेट किती उरली होती, टोपी किती तिरकी.
ग्लासगोत, बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात आमचा स्टुडिओ.
दिवे तापले की भिंतींना
अजून आल्याचा वास सुटायचा.
तिथं अकरा वर्षं मी रॅनल्ड गेडिसचे फोटो काढले.
पोलरॉइड. मागे तारीख, सीन नंबर.

रॅनल्ड म्हणजे हवालदार टॉड.
गुरुवारी साडेसातला घराघरातून लोक
त्याला दार उघडताना बघायचे.
"साहेब, बाहेर कुणीतरी आलंय."
कधी बाहेर विधवा असायची, कधी खुनी, कधी नुसता दूधवाला.
वाक्य तेच.
मग दाराशी उभं राहायचं,
बाकीच्यांचं रडून होईपर्यंत.

उभ्या उभ्या माणूस एकतर वाळतो
नाहीतर बघायला लागतो.
हा बघायला लागला.
दोन नंबरचा कॅमेरा वळताना जरा लंगडतो,
मॉरा डिंगवॉल खरंच रडते तेव्हा
डावा अंगठा मुठीत लपवते:
हे माझ्या वहीत होतं, आणि त्याच्या डोक्यात.
बाकी कुणाच्या गावीही नव्हतं.

बाजारात त्याला सगळे टॉडच म्हणत.
मासेवाली सुटे पैसे देताना सॅल्यूट ठोकायची.
एकदा फोनवर त्याची आईसुद्धा...
जाऊ दे, ते त्याचं त्याच्यापाशी.

एकोणऐंशीचा जानेवारी.
दिग्दर्शक पर्थच्या अलीकडे बर्फात अडकलेले,
आम्ही पाचवा चहा पीत बसलेलो.
हा उठला, गणवेशातच,
आणि हळूच म्हणाला, "मॉरा, खिडकीकडे नको बघूस.
मी उभा असतो ना, तिथं बघ.
तिथं कुणीच नाही असं समजून."
लाइटवाल्यांनी मुकाट दिवे हलवले.
गणवेशाला नाही म्हणायची सवय नव्हती कुणाला.

पुढे त्याला भाग मिळाले, पण अट घालून:
दोन खुर्च्यांवर बसता येणार नाही, टॉडला मारावं लागेल.
लेखकांनी त्याला गोदीत बुडवला.
रॅनल्डनं ते बुडणं चित्रित केलंच नाही.
त्यानं फक्त दार दाखवलं. टकटक.
कुणी उघडत नाही.
पुन्हा टकटक.
इन्स्पेक्टर कप घेऊन बसलेला, वाट बघत,
आणि मग स्वतः उठतो.
चार सेकंद.
वरचे साहेब म्हणाले, लोकांना वाटेल टीव्ही बिघडला.
पत्रं पोत्यानं आली.

पुढचं सगळंच काही सोनं नव्हतं.
लंडनला गेला. पहिला चित्रपट सणकून आपटला.
दुसरा कॅनडात निर्मात्यांनी कात्री लावून
असा काही केला की त्यानं नाव काढून घेतलं.
बायको गेली, गुडघा गेला,
तिसऱ्याला बक्षीस मिळालं तेव्हा तो दातांच्या डॉक्टरकडे होता.
प्रत्येक वेळी मला मात्र बोलावलं.
"वही घेऊन ये," एवढंच.

शेवटचा चित्रपट बेटावर, नॉर्थ उइस्टला.
तिथल्याच एका पोस्टमनला एका वाक्याचं काम,
पोरगा थरथरत होता.
रॅनल्डनं विचारलं, "दार उघडायच्या आधी
दारामागे काय करतोस?"
"काही नाही. उभा असतो."
"मग झालं तर," म्हणाला, आणि बराच वेळ
कॅमेरा सुरू करा असं काही बोललाच नाही.

आता एक कबुली.
त्या चार सेकंदांत एक चूक आहे.
इन्स्पेक्टरच्या उजव्या हातातला कप
उठताना डाव्या हातात दिसतो.
मला दिसलं होतं. तेव्हा सेटवर
कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं,
मी बोलले नाही. वहीत "ठीक" लिहिलं.
आयुष्यात एकदाच.

बेटावर त्या संध्याकाळी वारा फार होता.
व्हॅनच्या आडोशाला आम्ही दोघं चहा पीत होतो.
त्यानं माझ्याकडे बघत
कप उजव्या हातातून डाव्यात घेतला,
आणि पोरग्याला हाक मारायला निघून गेला.