कोमट

दुपारी डॉक्टरांनी उरलेले सहा दात काढले,
छोट्या डबीत घालून दिले, न मागता,
आणि म्हणाले, चार दिवस पातळच. गरम नको, कोमट.
रिक्षात आण्णा गप्प. तोंडात कापूस.
स्वारगेटच्या सिग्नलला त्यांनी डबी कानाशी नेऊन हलवली,
ज्वारी वाळली का हे बघायचे, तशी.

धनकवडीत त्यांची गिरणी होती. एकतीस वर्षं.
गहू, बाजरी, भाजणी; मिरचीला वेगळी चक्की.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
दगडांना टाकी लावताना उडालेली एक किरच
अजून त्यांच्या डाव्या अंगठ्यात आहे, कातडीखाली, निळी.
आज हिरड्यांना टाके पडले.

म्हणून मी सूप करतोय.
लाल भोपळ्याची फोड, दोन गाजरं, मूठभर मसूर,
आल्याचा तुकडा. मिरी नाही, झोंबेल.
कुकरच्या तीन शिट्ट्या, मग चहाच्या गाळणीतून
चमच्याच्या पाठीने घासत, घासत.
खिडकीतून कात्रजच्या बाजूची थंडी येतेय
आणि खालच्या मजल्यावरची कांद्याची फोडणी.

पावाचं पीठ सकाळीच मळून ठेवलं होतं.
ऋता म्हणाली, सेट-टॉप बॉक्सवर ठेव, तिथे ऊब असते.
दिवसभर बातम्या चालल्या
आणि ओल्या फडक्याखाली तो गोळा
कुणाकडेही लक्ष न देता फुगत राहिला.

पूर्वी आमच्याकडे पाव येत नसे.
पायाने तुडवतात, म्हणून पाव, असं आण्णा सांगायचे,
बेकरीवाल्यांचा मैदा स्वतः चाळून देत असतानाही.
आता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत.
पिठाच्या डब्यात हात घालतात, चिमूट घेतात,
अंगठ्याने बोटावर चोळतात बराच वेळ.
"फीट हाफलंय," असं काहीतरी.
ऋताला कळत नाही. मला कळतं:
पीठ तापलंय. दळणाऱ्याने घाई केली.
पाकिटाचं आहे, आण्णा, मी म्हणतो.
ते पाकीट उलटं करून तारीख वाचतात, चष्म्याशिवाय,
आणि जागेवर ठेवतात.

सव्वाआठ. चार वाडगे, त्यातला एक टवका उडालेला.
सूप म्हटलं की आण्णांचा एक विनोद ठरलेला,
आमच्या साखरपुड्यात हॉटेलच्या वेटरला केलेला:
"सुपात काय आणणार बाबा, तांदूळ की गहू?"
एकोणीस वर्षं तोच. शब्दही तेच.
आम्ही आधीच हसून मोकळे व्हायचो.
आज सगळे थांबलो. इरासुद्धा थांबली, चमचा हवेत.
कापसाआडून काही आलं नाही.

मग आण्णांनी रिकामी ताटली दोन्ही हातांत धरली,
पुढची कड जरा उचलली,
आणि पाखडलं.
एक, दोन, तीन, मनगटातून, सफाईने,
नसलेला कोंडा टेबलाखाली उडाला,
शेवटी फुंकरही मारायला गेले, ती जमली नाही.
इरा इतकी हसली की तिला ठसका लागला.

पाव मधे जरा कच्चा राहिलाय.
कडक कडा इराला, ऋताला, मला.
मधला मऊ भाग आण्णांनी सुपात बुडवून ठेवला,
विरघळायची वाट बघत, घड्याळाकडे बघत.
वाडगा दोनदा पुढे केला. मीठ कमी होतं, कुणी बोललं नाही.

भांडी घासून आलो तर ते अजून टेबलापाशी.
तळहाताच्या कडेने पावाचा चुरा गोळा केलेला,
गिरणीत रात्री पायाखालचं पीठ गोळा करायचे तसा,
पण तेव्हा ते गाईला जायचं.
निळ्या किरचेच्या अंगठ्याने दाबून एक कण जिभेवर ठेवला.
दातांची डबी मिठाच्या बरणीला टेकून उभी.

"जरा जाड दळ," ते म्हणाले. हे स्पष्ट आलं.

मी दळत नाही, विकत आणतो.
हो, म्हणालो.