शिल्लक

सोमवारी हैदराबादचा माणूस टेम्पो घेऊन येणार
आणि मिक्सर नेणार. चोवीस चॅनेल, एकशे नव्वद किलो,
शिवाय पॉवर सप्लायचा वेगळा डबा,
मे महिन्यात त्यावर पापड भाजून निघेल.
किंमत ठरली आहे. मी घासाघीस केली नाही.

अनुषा म्याकल म्हणते, सर, जाऊ द्या त्याला,
माझ्याकडे आहे तो.
लॅपटॉप उघडते. पडद्यावर तोच राखाडी रंग,
त्याच लाल टोप्यांची बटणं,
कोपऱ्यातला खरचटलेला पत्रासुद्धा काढलाय कुणीतरी
विलायतेत बसून, मन लावून.
एक बटण आहे: खरखर. चालू, बंद.
तीस वर्षं मी ती बंद करायला धडपडलो,
ही पोरं पैसे मोजून चालू करतात.

"पाठ करून बसा," ती म्हणते. "अ की ब?"
विजापूर वेशीतल्या हलीमाबींची टेप, शहाण्णव सालची,
एकदा माझ्या मिक्सरमधून काढलेली,
एकदा तिच्या.
मी डोळे मिटतो. अ भरदार आहे,
अ मध्ये बाईंच्या गालातलं पान कळतं.
ब इस्त्री करून आणल्यासारखा.
अ, मी म्हणतो. अ माझा.
ती काही बोलत नाही, तिची खुर्ची तेवढी करकरते.
सातपैकी चार वेळा चुकलो.
नाणं उडवलं असतं तरी एवढंच.

मग मी सांगत सुटतो, कुणी विचारलेलं नसताना:
नऊ नंबरवर संबळवाल्या सिद्रामचा चहा सांडलाय,
तेव्हापासून तो जरा गोड बोलतो.
चौदा नंबर डिसेंबरात रुसतो,
तळहात ठेवून बसावं लागतं त्याच्यावर.
तुझे चोवीसच्या चोवीस शहाणे.
"नाही सर, त्यांनाही थोडं थोडं वेगळं केलंय."
बरं, मी म्हणतो. बरं.

"आमचे ताता जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे," ती म्हणते,
"भोकंच भोकं. चादरीवर मोर यायचा.
पुठ्ठ्यात कुठं होता मोर?
पांघरणाऱ्याला ऊब लागायचीच की."
यावर काय बोलणार.
मी शेंगांची पुडी तिच्यापुढे सरकवली.

साडेअकराला तिला एक खोड सुचली.
दोन्ही आवाज एकावर एक ठेवले,
एक उलटा करून.
जे सारखं आहे ते एकमेकांना खाईल,
उरेल तो फरक. वजाबाकीच, सर.
हलीमाबी गेल्या. पेटी गेली,
साथीदारांच्या टाळ्या गेल्या.
वाढव, मी म्हणालो. अजून वाढव.
आणि तळाशी, वाटीला लागून राहिलेल्या ताकासारखं
पातळसं काहीतरी:
एक घुंकार, त्याच्या पाठीवर बारीक ठोका,
खट्-टक, खट्-टक.

तिनं खिडकी उघडली.
साखर पेठेतली उकाड्याची रात्र आत आली,
आणि बाहेरूनही तेच. खट्-टक.
शेजारी गड्डमांच्या शेडमध्ये
रात्रपाळीला एकच माग चालू होता;
तो भिंतीतून नव्हे, विजेच्या तारेतून येत होता आत,
माझ्या मिक्सरमध्ये, प्रत्येक गाण्यात,
सगळ्यांच्या खाली.

"हा बिघाड आहे, सर. तुमचं अर्थिंगच नीट नाही."
माहीत आहे, मी म्हणालो.
ती हसली, पण पुसलं नाही तिनं ते.
नाव काय देऊ फाईलला?
मी सांगितलं, शिल्लक.
तिनं रोमन अक्षरांत टाईप केलं, एक एल कमी.

आम्ही ते पुन्हा लावून ऐकत बसलो.
मध्येच बाहेर कुठला तरी धागा तुटला असावा.
माग थांबला.
गड्डमांच्या पोराचा आवाज आला, तेलुगूतून एक शिवी.
स्पीकरमध्ये माग चालूच होता.