नावं ठेवताना

बर्फ वितळलं आणि आत्याची बाग
कान टवकारत वर आली.
त्यातला रुबार्ब तेवढा मला ओळखू आला.

हिऊमा बेटावरचं हे घर, विहीर, सॉना
आणि पाऊण एकर अनोळखी हिरवळ
वकिलानं एका सहीत माझ्या नावे केली.
बेटावर माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

प्रत्येक रोपापाशी पत्र्याची पट्टी,
मासळीच्या डब्याच्या झाकणातून कापलेली,
वर खिळ्यानं कोरलेलं: एंड्ला, ७४.
हाइनो, ६९. मार्टा, साल पुसलेलं.
तालिनहून आणलेलं जाडजूड पुस्तक
मी दोनदा पालथं घातलं.
एंड्ला नावाची वनस्पती जगात नाही.
फोनला पान दाखवलं. तो म्हणाला,
बहुधा लंगवर्ट, बहुधा बोरेज,
बहुधा फोटो पुन्हा काढा.

कुंपणाच्या दगडांपलीकडून वाइके हसली,
वय पंच्याऐंशी, पायात मुलाचे गमबूट.
"अगं, एंड्ला म्हणजे पोस्टातली!
सायकलच्या पिशवीतून, तारांच्या गठ्ठ्याबरोबर
तिनं ते मूळ आणलं, ओल्या मोज्यात गुंडाळून.
हाइनो दीपस्तंभावर होता. दारू सुटली नाही,
पण हाताला गुण होता."

पण झाडाचं नाव काय?

"कुणास ठाऊक. साल्मेनं झाडांना
कधी नावं ठेवली नाहीत.
माणसांना ठेवायची. भरपूर."

मग आठवडाभर काठी पुढे, वही मागे.
ही मार्टा, हिला सावली लागते.
हे आमचे मास्तर, तीन वर्षांतून एकदा फुलतात,
आणि तेव्हाही उपकार केल्यासारखे.
या दोघींचं आयुष्यभर पटलं नाही,
म्हणून तुझ्या आत्यानं मुद्दाम शेजारी लावल्या.

विहिरीपलीकडे, दक्षिणेच्या भिंतीला लागून,
एका पट्टीवर रशियन अक्षरं होती:
रुस्तम, ७१.
सातच्या कमरेत तीच आडवी रेघ,
हात आत्याचाच.
आत्याला रशियन येत नव्हतं.
निदान सरहद्दीचे सैनिक दार ठोठावायचे
तेव्हा ती तसं सांगायची.

वाइकेनं काठी मातीत रोवली.
"हे मला माहीत नाही," म्हणाली,
आणि बराच वेळ
विहिरीचं झाकण सरळ करत राहिली.
ते आधीच सरळ होतं.

मे महिनाभर नुसती पानं, रुंद, राखट.
जूनमध्ये कमरेएवढ्या दांड्यावर
जांभळा चेंडू, मधमाश्यांनी घुमणारा.
पान चुरगाळून नाकाशी नेलं.
कांदा.
पुस्तकाच्या अगदी शेवटी सापडला:
पामीरचे कोरडे उतार, जिथून समुद्र
दिसायचा प्रश्नच नाही.
कुणीतरी खिशातून आणलेला
या चहूबाजूंनी पाणी असलेल्या चौकीवर.
मी हसले. इतकी वर्षं जपलं काय, तर कांदा.
मग हसू पुरलं नाही.

"मी दोनदा मागितला होता,"
सप्टेंबरात मी खणत असताना वाइके म्हणाली.
"सगळं गावभर वाटलं तिनं. हा नाही."
मातीखाली कांदे एकमेकांत घुसून वेडेवाकडे,
पन्नास वर्षांची दाटी.
एक मोकळा करून तिच्या हातावर ठेवला.
तिनं झटकला नाही,
तसाच एप्रनच्या खिशात घातला, मातीसकट.

पट्टीवर काय कोरणार?

"तुझं नाव. दुसरं कुणाचं?"
फाटकाशी जाऊन ती थांबली.
"कसं लिहितात ते?
तू सांगितलंच नाहीस कधी."

सॉनामागचं ते केसाळ रोप
अजून कुणाचंच निघालं नाही.
हात लागला की दोन दिवस खाज सुटते.