बाटलीवरचे आजोबा

मी आजोबा तयार करतो.
धंदाच आहे माझा, पिट्सबर्गात,
न्हाव्याच्या दुकानावरच्या माडीवर.
कुणी नवी भट्टी काढली की जिना चढून येतं,
म्हणतं, वय हवंय आम्हाला,
दीडशे वर्षांचं, पुढच्या मंगळवारपर्यंत.
मग मी मिशी काढतो. आधी मिशीच.
मिशी नीट बसली की तिच्यामागे माणूस आपोआप बसतो,
डोळे जरा बारीक, जाकिटाला साखळी,
खाली वळणदार आकड्यांत एखादं साल,
जे खोटं म्हणता येत नाही, कारण त्या साली
कुणाच्या तरी घरी काहीतरी झालंच असणार.

आजवर अकरा आजोबा. तिघांची मिशी एकच.

लव्हायना क्रेबिलची भट्टी सॉमरसेटच्या पुढे,
शाळेच्या बस जिथं दुरुस्तीला यायच्या त्या शेडमध्ये.
वीस वर्षं तिनं इंजिनं उघडली,
आता तांब्याचा बंब उघडते, त्याच पान्यानं.
नमस्कार-चमत्कार नाही. दोन पेले पुसले.

आधी राय व्हिस्की.
तोंडात आली ती भांडायलाच.
मिरी, मग शहाजिरं, मग पावाची करपलेली कड,
आणि सगळं शांत झाल्यावर, उशिरानं,
कापल्या गवतावर ऊन पडलं की येतो तो वास.
तिखट आहे, मी म्हटलं.
धान्यच तसलं, ती म्हणाली,
गहू जिथं नाक मुरडतो तिथं हे उगवतं.

मग ब्रँडी. सफरचंदांची.
ओटो हॉस्टेटलरच्या बागेत गळून पडलेली,
डागाळलेली, हरणांनी अर्धी टाकलेली,
बाजारात जी कुणी हातात घेणार नाही.
ही भांडत नाही. शेजारी येऊन बसते.
आधी साल, मग भाजका गर,
आणि घोट उतरून गेल्यावर
बी चावल्यासारखा कडवटपणा,
उंबरठ्यावर चपला घालता घालता
कुणी खरं बोलून जावं तसा.

मी वही काढली. तुझे आजोबा?

होते ना. एझ्रा क्रेबिल. उपदेशक.
थेंबाला शिवले नाहीत.
एकदा शेजाऱ्याचं पिंप फोडलं कुऱ्हाडीनं,
आणि रात्री झोप येईना म्हणून उठून
पिंपाचे पैसे देऊन आले,
दोन डॉलर चाळीस सेंट. दारूचे नाही. पिंपाचे.

फोटो?
फोटो काढणं त्यांना पाप वाटायचं.

असे आजोबा खपत नाहीत, मी समजावलं.
पिशवीतून तयार चेहरा काढून दाखवला, माझा सगळ्यात चांगला.
तिनं तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला.
हा कोण?
कुणीच नाही.
मग याला कशाला उभा करतोस माझ्या बाटलीवर,
म्हणाली, ओळख ना देख.

मागे पिंपं रचलेली, तीन थर.
लाकडातून दर वर्षी थोडी थोडी उडून जाते,
देवदूतांचा वाटा म्हणतात तिला या धंद्यात.
लव्हायना म्हणते, आजोबांचा.
जिवंतपणी घेतली नाही,
आता कुठं जातील.

तर लेबल असं झालं:
लंबगोल चौकट, आत काही नाही.
खाली एक ओळ, बारीक, सरळ अक्षरांत:
एझ्रा क्रेबिल यांनी ही चाखली नसती.
पिंपाचा क्रमांक ती स्वतः लिहिते, पेन्सिलीनं,
सातचा आकडा अजून बसच्या पाटीवरचा.

खपते का? थोडी.
हॅरिसबर्गच्या एका दुकानदारानं दोन पेट्या परत पाठवल्या,
चौकटीत चेहरा छापायचा राहिला म्हणून.

मी अजून मिश्या काढतो. भाडं थांबत नाही.
पण काल एक पोरगा आला, बेन्सन, नवी भट्टी, पेअरची ब्रँडी,
वय हवंय म्हणाला, शंभर चालेल.
मी पेन्सिल खाली ठेवली.
विचारलं, आजोबा काय करायचे तुझे?
तो छताकडे बघत राहिला,
बराच वेळ.
खाली न्हाव्याची कात्री चालली होती.