पडण्याचा सराव

हडर्सफील्डच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
दर बुधवारी ब्रिजवाल्यांच्या खुर्च्या रचून ठेवायच्या,
मग निळ्या मॅट अंथरायच्या.
माझा डावा गुडघा तेव्हापासूनच कुरकुरतो.

ग्लेनिस शिकवते ज्युदो. एकाहत्तरची आहे.
म्हणते, आधी फेकणं जाईल,
मग पकड.
पडणं तेवढं राहील.

काळ्या पट्ट्याचं नाव काढणं मी सोडलंय.
मला दिसते जानेवारीतली एक सकाळ,
बसस्टॉपपाशी काचेसारखा बर्फ,
मी ऐंशीची, पिशवीत दुधाची बाटली,
आणि पाय एकदम निसटतात—

हनुवटी छातीशी,
तळहात फाडकन फरशीवर,
मला कळायच्या आत
अंगाला आठवलेलं.

दूध सांडेल.
उठून, कोट झटकून
दुसरं आणीन.