अकरा मीटर

आधी इथं एकच मीटर होतं.
जिन्याखाली, काळ्या डब्यातलं, पोटात चकती,
वर एकच नाव, गुर्रम सूत भांडार.
दोन मजले, सोळा बिडाचे खांब, रस्त्याकडं सहा कमानी,
सगळ्यांचा मिळून एक आकडा
बावीस वर्षं जागचा हललेला नाही.

मी वायरमन.
लोक कमानीवरचे मोर बघतात,
मी बघतो ओल कुठनं उतरतीय,
उंदीर कुठल्या फटीतनं जा-ये करतोय,
आणि सागवानी तुळईला भोक न पाडता
वायर माडीवर कशी न्यायची.
पुण्याच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
विचारल्याशिवाय खिळा मारायचा नाही.
आठवडाभर आम्ही खिळ्यांसाठी अर्ज करत होतो.

इरण्णा गवंड्यानं चुना भिजवला,
त्यात गूळ, मेथीचं पाणी, बेलफळाचा गर.
तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंगळ्यांची रांग.
मॅडम घाबरल्या. इरण्णा तंबाखू मळत म्हणाला,
मुंगळा आला की समजायचं, माल बरोबर झालाय.

जुना स्विचबोर्ड उचकटला
तर मागं कोळशाच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
कुणीतरी सुताच्या गाठी मोजत होतं
आणि एका पाचात फक्त तीनच रेघा.
भोंगा झाला असेल.
माझा नवा बोर्ड नेमका तिथंच यायचा होता.
दीड फूट सरकवला. अकरा फूट वायर जादा गेली.
अंदाजपत्रकात ती नव्हती.
अजून नाही.

उद्घाटन मंगळवारी ठरलं, मग बुधवारी गेलं.
मंगळवारी नळाला पाणी,
पाच दिवसांनी येणारं,
आणि अर्ध्या गाळ्यांच्या मालकिणी घागरीपाशी.
मंत्र्यांच्या माणसाला हे फोनवर समजावताना
मॅडमचा आवाज पहिल्यांदा सोलापुरी झाला.

आता जिन्याखाली अकरा मीटर.
चकती नाही, लाल ठिपका लुकलुकतो.
यादगिरीची शिलाईची मोटार सुरू झाली
की त्याचा ठिपका धापा टाकतो.
मैनुद्दीन नदाफ भांड्यांवर नावं घालतो,
त्याचा थांबून थांबून, नावागणिक.
रुद्रव्वा शेंगाचटणी उखळातच कुटते,
तिच्या गाळ्यात एक बल्ब,
तोही गिऱ्हाईक आलं की लावायचा.
महिन्याचं बिल घेऊन ती माझ्याकडं आली,
हे एवढं कशाचं, मी तर हातानं कुटालते की ओ!
स्थिर आकार, मी म्हटलं.
स्थिर म्हणजे काय, तिनं विचारलं.
मला सांगता आलं नाही.

दहाव्या गाळ्याचं राहिलंच.
काम चालू असताना संध्याकाळी नरसम्मा यायची,
हजार विड्या देऊन, बोटांना तंबाखूचा वास.
शाळेचे युनिफॉर्म शिवणार होती.
मोकळ्या गाळ्यात हातानं वितींनी माप घ्यायची,
इथं मशीन, इथं कापड, इथं मी.
बिलावर माझंच नाव येतंय न्हवं?
तुझंच, मी म्हणायचो.
प्लग खाली बसव, म्हणाली,
मी खाली बसून शिवते, माझं मशीन हाताचं,
त्याला मोटार जोडून घेणार.
बसवला. फरशीपासून एक वीत. तिचीच वीत.

अनामत चाळीस हजार होती.

आता तिथं मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा,
काचेचं काउंटर, उंच स्टूल.
काका, म्हणतो, एवढ्या खाली प्लग
कुणी बसवला बे?
चार्जर लावायचा तर दरवेळी
त्याला स्टुलावरनं उतरून, गुडघे टेकून, वाकावं लागतं.
वर घेऊन द्या की, म्हणतो. दहा मिनिटांचं काम.

दहासुद्धा नाही.
उद्या येतो, म्हणतो मी.