जवसफुली

आर.सी. बुकात रंग लिहिलाय : निळा.
बस, निळा.
घाण्यातून पडणाऱ्या प्रत्येक धारेला
कुणी नुसतं तेल म्हणावं, तसं.

पवनीला नंदनवारांच्या मागच्या अंगणात
ताडपत्रीखाली उभी होती, दोन दारांची,
बसल्या म्हशीएवढी उंच.
हेमराजनं ताडपत्री ओढली.
दोन सरडे पळाले, एक कोंबडी,
आणि मी काय बोलायचं ठरवून आले होते ते.
(घासाघीस करायला गेलेल्या बाईनं
चेहऱ्यावर असं काही येऊ देऊ नये.)

"भावानं पुण्याहून आणली. कंपनीनं हा रंग
एकच वर्ष काढला जी. खपला नाही.
लोकायले पांढरा पाहिजे, विकाले सोपा."

मी बोनेट उघडलं. ऑईलची कांडी ओढली,
बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं.
तेल मला कळतं. जळलेलं तर फारच.
"दोन वर्षं बदललं नाही. वीस हजार कमी."
समोरच्या काचेला भेग, डाव्या कोपऱ्यातून
वैनगंगेसारखी वळत गेलेली. "आणखी पाच."
उंदरानं कुरतडलेली वायर. "तीन."
रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही.
त्याचे वेगळे पैसे मागितले असते,
तर मी हरले असते.

एक लाख बासष्ट हजार.
नोटांना ढेपेचा वास.
हेमराजनं मोजताना दोनदा नाक पुसलं.

ताराचंद बाजूला बसले, गुडघे छातीशी.
"पोतं कुठी ठेवशील?"
"नाही ठेवणार."
"आन पोरं?"
"ते घेतील आपली पांढरी."
मग अड्याळपर्यंत कोणी बोललं नाही.
गतिरोधक तेवढे बोलले,
खालून, एकेक,
हजेरी घेतल्यासारखे.

पूर्वी धान कापायच्या आधीच
ओल्या बांधीत जवस फेकत.
धान गेलं की तो वर यायचा, आणि पुसात एका सकाळी
अख्खी बांधी अशी व्हायची —
अशी म्हणजे, ह्या दारासारखी,
निळ्याच्या आत थोडं जांभळं,
वारा आला की पुन्हा निळी.
बारा वाजेपर्यंत पाकळ्या खाली.
आता आमच्या घाण्यावर जवस ट्रकनं येतो.
बी सगळे ओळखतात : तपकिरी, चपटं,
मुठीतून निसटणारं.
फूल पाहिलेलं पोरगं गावात सापडत नाही.

उजव्या चाकावर एक ओरखडा आहे.
भंडाऱ्याच्या पेंटरनं तीनदा रंग कालवला,
तीनदा डबीच्या झाकणावर लावून पाहिला,
शेवटी म्हणाला, "बाई, काळीच करून टाकू का?"
ओरखडा तसाच आहे.

शेजारच्या बागडेंची नात शाळेला जाता जाता थांबली,
बोटानं दार पुसलं, बोट पाहिलं.
"हा कोणता रंग व्हय जी?"
मी सांगितलं.
"ते तर पिवळं रायते," ती म्हणाली,
"तेल."

दुपारच्या उन्हात ती नुसतीच निळी होते,
आर.सी.त लिहिल्यासारखी.
म्हणून मी सकाळीच काढते.
नहराच्या पाळीवर पाचवा गिअर पडतो,
पुढे फाटक लागतं, तिथून वळते.
घाणा नऊला सुरू करायचा असतो.